प्रमथनाथ बोस

भारतातील पोलादाच्या पहिल्या मोठ्या कारखान्याचा विषय निघाला की जमशेटजी टाटा यांचे स्मरण होते. त्या कारखान्याला लागणारे लोहखनिज ज्या डोंगरात होते, तो डोंगर शोधणारे भूशास्त्रज्ञ म्हणजे प्रमथनाथ बोस.

त्यांचा जन्म १२ मे १८५५ रोजी बंगालमधील गैपूर या गावी झाला. १८७४ मध्ये गिलख्रिस्ट शिष्यवृत्ती मिळवून ते इंग्लंडला गेले. तेथे भूशास्त्राचे शिक्षण घेऊन १८८० मध्ये ते भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण खात्यात अधिकारी झाले. त्या काळी या खात्यातील वरच्या जागांवर बहुतेक इंग्रजच असत.

मध्य प्रांतात हिंडत असताना, त्या वेळच्या रायपूर जिल्ह्यातील दल्ली-राजहरा येथे त्यांना विपुल लोहखनिज आढळले. तेथील लोक लहान भट्ट्यांमध्ये लोखंड गाळीत असत. या उद्योगाची आणि खनिजाची माहिती बोस यांनी १८८७ मध्ये प्रसिद्ध केली. पण कित्येक वर्षे त्या माहितीचा कोणी उपयोग केला नाही.

१९०३ मध्ये खात्याचे संचालकपद रिकामे झाले. बोस यांना डावलून ते त्यांच्याहून दहा वर्षे कनिष्ठ असलेल्या हॉलंड यांना देण्यात आले. बोस यांनी राजीनामा दिला व ओडिशातील मयूरभंज संस्थानात नोकरी पत्करली. अपमान झालेला माणूस काम टाकून बसला असता, तरी त्याला कोणी दोष दिला नसता. बोस मात्र पुन्हा डोंगर चढू लागले. तेथील गोरुमहिसानी डोंगरात त्यांना लोहखनिजाचा मोठा साठा सापडला. त्यात हेमॅटाइटबरोबर मॅग्नेटाइटही होते. मॅग्नेटाइट काळे व जड असते, आणि ते जवळ असले की होकायंत्राची सुई विचलित होते. शुद्ध मॅग्नेटाइटमध्ये सुमारे ७२ टक्के लोह असते.

परंतु खनिज सापडणे आणि खाण चालणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. थर किती जाड आहे, तो कोठवर पसरला आहे, नमुन्यांत लोह किती आहे, हे तर पाहावे लागतेच. शिवाय कोळसा, चुनखडी, पाणी आणि रेल्वे किती अंतरावर आहेत, याचाही हिशेब करावा लागतो. आपल्या चांदा, म्हणजे आजच्या चंद्रपूर जिल्ह्यातील लोहाऱ्याचे खनिज याच कसोटीला उतरले नाही. जमशेटजींचे तेथे फार दिवसांपासून लक्ष होते. खनिज उत्तम होते. परंतु वरोऱ्याचा कोळसा भट्टीस निरुपयोगी ठरला. पुढे टाटांच्या माणसांना नागपूरच्या संग्रहालयातील भूशास्त्रीय नकाशावरून दल्ली-राजहऱ्याचा पत्ता लागला. तेथे खनिजाची ददात नव्हती. पण योग्य कोळसा आणि पुरेसे पाणी जवळ नव्हते.

२४ फेब्रुवारी १९०४ रोजी बोस यांनी जमशेटजींना पत्र लिहून गोरुमहिसानीची माहिती कळवली. मे महिन्यात जमशेटजींचे निधन झाले. त्यांचे पुत्र दोराबजी यांनी अमेरिकन तज्ज्ञ पेरिन व वेल्ड यांच्याकरवी त्या डोंगराची पाहणी करवून घेतली. खनिज भरपूर निघाले, झरियाचा कोळसा आवाक्यात होता, आणि साकची गावाजवळ सुवर्णरेखा व खरकाई या नद्यांचा संगम होता. १९०७ मध्ये कंपनी स्थापन झाली. १९११ च्या डिसेंबरात साकचीच्या भट्टीतून पहिले लोखंड बाहेर पडले आणि १९१२ मध्ये पोलाद तयार झाले. हेच साकची पुढे जमशेदपूर म्हणून प्रसिद्ध झाले.

बोस यांचे निधन १९३४ मध्ये रांची येथे झाले. त्यानंतर पंचवीस वर्षांनी, १९५९ मध्ये, भिलाईची पहिली भट्टी पेटली. तिच्यासाठी खनिज आले ते दल्ली-राजहऱ्याहून.