यंत्राच्या पोटात डोकावणारा गणितज्ञ

काही महिन्यांपूर्वीची गोष्ट. रात्री अडीचच्या सुमारास आमच्या अतिदक्षता विभागातला एक सिरिंज पंप मध्येच थांबला. रक्तदाब टिकवून धरणारे औषध त्यातून थेंबाथेंबाने जात होते. ड्युटीवरच्या सिस्टरने मिनिटाच्या आत दुसरा पंप जोडला, त्यामुळे रुग्णाला काही झाले नाही. बंद पडलेल्या पंपाच्या पडद्यावर मात्र नुसता एक आकडा लुकलुकत होता. त्यावरून काय बिघडले ते आम्हा कोणालाच कळेना.

सकाळी बायोमेडिकल इंजिनिअर आले. पंपाच्या मागच्या खोबणीत त्यांनी वायर जोडली आणि लॅपटॉपवर ओळी उमटू लागल्या. बॅटरीचा दाब कितीवर घसरला, मोटर कोणत्या क्षणी थांबली, धोक्याची घंटा कधी वाजली, सगळी नोंद होती. दोष बॅटरीत निघाला. मग त्यांनी झाकण काढून आतला बोर्ड दाखवला. नखाएवढ्या प्रोसेसरच्या शेजारी पाच-सहा बारीक पिना होत्या. ते म्हणाले की, प्रोग्रॅम लिहिणारे लोक याच दारातून प्रोसेसरच्या पोटात शिरतात.

पंप, ग्लुकोमीटर, पेसमेकर, व्हेंटिलेटर या सगळ्यांच्या आत असा छोटा संगणक असतो. त्याला कीबोर्ड नसतो आणि स्वतःचा असा पडदाही बहुधा नसतो. मग तो चुकला तर चूक शोधायची कशी? म्हणून चिप बनवतानाच तिच्यात तपासणीची एक वेगळी वाट ठेवतात. त्या वाटेने तीन कामे करता येतात. प्रोसेसरला हव्या त्या आज्ञेवर थांबवता येते, एकेक आज्ञा देत पुढे नेता येते आणि थांबलेल्या अवस्थेत त्याच्या स्मृतीतले आकडे वाचता येतात. १९८५ मध्ये काही कंपन्यांच्या अभियंत्यांनी एकत्र येऊन ‘जेटॅग’ नावाचा गट स्थापन केला. सर्किट बोर्डांची तपासणी सोपी करणे हा त्यांचा मूळ उद्देश होता. १९९० मध्ये त्यांची पद्धत अधिकृत मानक झाली. त्यात मुख्य वायरी चारच : एकीतून माहिती आत जाते, दुसरीतून बाहेर येते, तिसरी ताल धरते आणि चौथी काय करायचे ते ठरवते. पुढे प्रोसेसरच्या आत डोकावण्यासाठीही हीच वाट वापरात आली.

वायरी नव्या असल्या, तरी थांबवा, एकेक पाऊल चालवा आणि आत बघा ही रीत संगणकाच्या जन्माइतकीच जुनी आहे. ती घडत होती तेव्हा तिथे वावरणारा आणि तिच्यावर विचार करणारा एक माणूस होता अ‍ॅलन ट्युरिंग.

ट्युरिंगचा जन्म २३ जून १९१२ रोजी लंडनमध्ये झाला, पण घराचा धागा भारताशी जोडलेला होता. वडील ज्युलियस हे मद्रास इलाख्यात सनदी अधिकारी होते. आईचे वडील मद्रास रेल्वेत मुख्य अभियंता होते. ओडिशात आज असलेल्या छत्रपूरला आईवडील राहत असत. मुलांना उष्ण हवा मानवणार नाही म्हणून दोघा भावांना त्यांनी इंग्लंडमध्ये एका निवृत्त लष्करी अधिकाऱ्याच्या कुटुंबाकडे ठेवले. बालपण असे परक्या घरी गेले.

केंब्रिजमध्ये गणित शिकलेल्या ट्युरिंगने १९३६ मध्ये, वयाच्या चोविसाव्या वर्षी, एक निबंध लिहिला. गणना करणारा माणूस नेमके काय करतो याचे त्याने अगदी लहान लहान पायऱ्यांत पृथक्करण केले. एक चिन्ह वाचायचे, एक लिहायचे, एक घर पुढे किंवा मागे जायचे आणि आपण कोणत्या अवस्थेत आहोत हे लक्षात ठेवायचे. एवढ्यावर कोणतीही गणना करता येते, हे त्याने दाखवले. आपल्या विषयाच्या दृष्टीने त्यात एक मोठी गोष्ट होती : यंत्राला कोणत्याही क्षणी थांबवले, तर त्याची त्या क्षणाची संपूर्ण अवस्था कागदावर लिहून काढता येते.

दुसऱ्या महायुद्धात तो ब्लेचली पार्क इथे जर्मन ‘एनिग्मा’ यंत्राचे संदेश उलगडण्याच्या कामावर होता. त्यासाठी त्याने रचलेल्या ‘बॉम्ब’ या यंत्राची पद्धत डॉक्टरांना ओळखीची वाटेल. एक शक्यता खरी धरायची, तिचे परिणाम तपासायचे आणि कुठे विसंगती आली की ती शक्यता बाद करायची. विसंगती न सापडणाऱ्या जागी यंत्र थांबे आणि मग माणसे ती जागा वेगळी पडताळून पाहत. आम्हीही तापाच्या रुग्णाचे निदान याच वाटेने, एकेक आजार बाद करत करतो.

युद्धानंतर त्याने लंडनच्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेत संगणकाचा सविस्तर आराखडा तयार केला. पण काम रेंगाळले आणि १९४८ मध्ये तो मँचेस्टर विद्यापीठात गेला. तिथे त्याच वर्षी २१ जूनला फ्रेडी विल्यम्स, टॉम किलबर्न आणि जेफ टूटिल यांच्या छोट्या यंत्राने स्वतःच्या स्मृतीत साठवलेला पहिला प्रोग्रॅम चालवला होता. त्या यंत्राची स्मृती जुन्या टीव्हीच्या नळीसारख्या काचेच्या नळीत होती. काचेवर विद्युतभाराचे ठिपके साठवले जात. ती नळी झाकलेली असे, म्हणून तिच्या जोडीला दुसरी नळी लावलेली होती. तिच्या पडद्यावर स्मृतीतला ठिपका न् ठिपका डोळ्यांना दिसे. एक बटण दाबले की यंत्र एकच आज्ञा पार पाडून थांबे आणि पडद्यावर काय बदलले ते बघता येई.

१९५१ मध्ये त्याच धर्तीवरचे मोठे यंत्र, फेरांटी मार्क १, विद्यापीठात आले. त्यात चार हजारांवर व्हॉल्व्ह होते. ते वापरणाऱ्यांसाठीची पुस्तिका ट्युरिंगने लिहिली. या यंत्रात दोन खास आज्ञा होत्या. टेबलावरची कळ वर-खाली केली की त्या आज्ञेपाशी यंत्र थांबे किंवा न थांबता पुढे जाई. आजचे इंजिनिअर ज्याला ब्रेकपॉइंट म्हणतात, तो हाच. एक भोंगाही होता. प्रोग्रॅम ठरलेल्या टप्प्यावर पोहोचला की तो वाजवता येई, म्हणजे पडद्याकडे सतत बघत बसायला नको. वॉर्डातल्या मॉनिटरचा आवाज आम्ही लांबून ओळखतो, तसेच हे.

या सगळ्यामागचा विचार त्याने आधीच मांडला होता. २४ जून १९४९ रोजी केंब्रिजमधल्या एका परिषदेत त्याने मोठा प्रोग्रॅम बरोबर आहे हे कसे तपासावे, यावर भाषण केले. उदाहरण शाळेतल्या बेरजेचे होते. लांबलचक बेरजेचे नुसते उत्तर समोर ठेवले, तर तपासणाऱ्याला सगळी बेरीज पुन्हा करावी लागते. पण प्रत्येक रकान्याखाली हातचा लिहून ठेवला, तर एकेक रकाना स्वतंत्रपणे, वेगवेगळ्या माणसांनाही तपासता येतो. प्रोग्रॅमचेही तसेच करा, असे त्याचे सांगणे होते. ठरावीक टप्प्यांवर कोणती गोष्ट खरी असलीच पाहिजे ते आधीच लिहून ठेवा, म्हणजे चूक कोणत्या टप्प्यात शिरली ते कळेल. आमचा वॉर्डातला नाडी, ताप आणि लघवीच्या मोजमापाचा तक्ता म्हणजे असे लिहून ठेवलेले हातचेच असतात.

हातचे लपवून ठेवणारे यंत्र काय करू शकते, ते पुढे दिसले. १९८५ ते १९८७ या काळात अमेरिका आणि कॅनडामध्ये थेरॅक-२५ या किरणोपचार यंत्राने सहा रुग्णांना प्रमाणापेक्षा कितीतरी पट जास्त किरणांचा मारा दिला. किमान तिघे त्यामुळे दगावले. टेक्सासमधल्या घटनेत पडद्यावर फक्त बिघाड आणि ५४ हा आकडा दिसला. त्याचा खरा अर्थ ऑपरेटरला कळण्याची सोय नव्हती. यंत्राकडून असे होणे शक्यच नाही, असेही आधी सांगण्यात आले होते. शेवटी तिथल्याच भौतिकशास्त्रज्ञाने ऑपरेटरला बरोबर घेऊन त्याच कळा पुन्हा पुन्हा दाबून पाहिल्या, तेव्हा कारण सापडले. ऑपरेटरने नोंदी फार झटपट दुरुस्त केल्या, तर प्रोग्रॅमच्या दोन भागांचा मेळ चुकत होता.

पुन्हा ट्युरिंगकडे येऊ. १९५२ च्या जानेवारीत त्याच्या घरी चोरी झाली. त्याने पोलिसांत तक्रार दिली. चौकशीत त्याचे एका तरुणाशी असलेले संबंध उघड झाले आणि त्याने ते लपवले नाहीत. इंग्लंडमध्ये तेव्हा हा गुन्हा होता. ३१ मार्चला तो दोषी ठरला. तुरुंग किंवा वर्षभर संप्रेरकांचे उपचार असा पर्याय समोर होता. त्याने उपचार पत्करले. स्त्रीसंप्रेरक देऊन त्याची कामेच्छा दडपण्यात आली. त्याचे स्तन वाढले. गोपनीय सरकारी कामाची परवानगीही गेली.

त्याच वर्षी त्याचा जीवशास्त्रावरचा निबंध प्रसिद्ध झाला. दोन रसायने एकमेकांवर क्रिया करत ऊतींमध्ये पसरू लागली, तर ठिपके आणि पट्टे आपोआप कसे उमटू शकतात, ते त्यात होते. त्यातली आकडेमोड तो मँचेस्टरच्या यंत्रावरच करत असे. ७ जून १९५४ रोजी सायनाइडच्या विषबाधेने त्याचा मृत्यू झाला. वय ४१. चौकशीत आत्महत्येचा निष्कर्ष निघाला. आईला मात्र तो अपघातच वाटत राहिला, कारण घरी तो रसायनांचे प्रयोग करत असे.

डॉक्टर म्हणून मला हा भाग लिहिताना जड जाते. आधी आत बघा, दोष कुठे आहे ते नक्की करा, मगच हात लावा, ही शिस्त त्या माणसाने यंत्रांच्या बाबतीत मांडली. त्याच्या स्वतःच्या शरीराच्या बाबतीत आमच्या पेशाने नेमके उलटे केले. दोष नसलेल्या जागी औषध दिले. जागतिक आरोग्य संघटनेने समलैंगिकता आजारांच्या यादीतून काढली ती १९९० मध्ये. ट्युरिंगला ब्रिटनच्या राणीने मरणोत्तर माफी दिली २०१३ मध्ये. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने प्रौढांमधले संमतीचे समलैंगिक संबंध गुन्ह्यातून वगळले ६ सप्टेंबर २०१८ रोजी. असे कल बदलण्याचे उपचार करणे हे डॉक्टरांचे व्यावसायिक गैरवर्तन आहे, हे राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ मध्ये स्पष्ट केले.

तरीही ओपीडीत अधूनमधून आईवडील तरुण मुलाला घेऊन येतात आणि याला बरे करा म्हणतात. मी मुलाला बाहेर बसवत नाही. तिघांनाही समोर बसवून सांगतो की, यात आजार नाही, त्यामुळे औषधही नाही. मुलगा उदास असेल, झोप उडाली असेल, जिवाचे बरेवाईट करण्याचे विचार येत असतील, तर त्यावर मात्र उपचार आहेत आणि ते लगेच घ्यायला हवेत.

यंत्रांबाबतही एक सवय लागली आहे. नवे पंप घेताना खरेदी समितीत मी आता विचारतो की, बिघाड झाला तर आतली नोंद आमच्या इंजिनिअरला वाचता येईल का आणि ते दार परक्या माणसाला उघडता येणार नाही अशी कुलपाची सोय आहे का. पहिल्यांदा विचारले तेव्हा विक्रेत्याकडे उत्तर नव्हते. परवाच्या बैठकीत त्याने ते लेखी आणले होते.