गंधहीन वायूचा जनक थॉमस मिजली

मोटारीतील एसी थंडावा देईनासा झाला, की मेकॅनिक आधी गॅसगळतीचा संशय घेतो. दिसत नाही आणि वासही येत नाही, अशा या वायूचा माग काढणे किचकट असते. त्याचे श्रेय म्हणा वा दोष, तो थॉमस मिजली या अमेरिकी संशोधकाकडे जातो.

१८ मे १८८९ रोजी पेनसिल्व्हेनियातील बीव्हर फॉल्स येथे जन्मलेल्या मिजली यांनी १९११ मध्ये कॉर्नेल विद्यापीठातून पदवी घेतली, तीही यंत्र अभियांत्रिकीची. १९२१ मध्ये पेट्रोलमध्ये शिशाचे संयुग मिसळून त्यांनी इंजिनाचे 'नॉकिंग' थांबवले. त्या शिशाने जगाची हवा कित्येक दशके नासवली, हा स्वतंत्र विषय.

त्या काळी फ्रीजमध्ये अमोनिया, सल्फर डायऑक्साइड किंवा मिथाइल क्लोराइड वापरत. पहिल्या दोघांच्या उग्र दर्पाने गळती निदान कळे. मिथाइल क्लोराइड मात्र नकळत जीव घेई. १९२८ मध्ये मिजली व त्यांच्या सहकाऱ्यांनी फ्लोरीनचा आधार घेऊन निर्विष, न पेटणारा वायू तयार केला. त्यात नशिबाचाही वाटा होता. प्रयोगासाठी मागवलेल्या रसायनाच्या पाच बाटल्यांपैकी एकच शुद्ध निघाली आणि नेमकी तीच आधी उघडली गेली. दुसरी उघडली असती, तर चाचणीतील गिनीपिग दगावला असता आणि संशोधन कदाचित तेथेच थांबले असते. १९३० मध्ये रसायनतज्ज्ञांच्या सभेत मिजली यांनी हा वायू छातीत भरून घेतला आणि त्याच श्वासाने मेणबत्ती विझवली. 'फ्रिऑन' जगभर गेला.

पॅकार्डच्या १९४०च्या मोटारींपासून तो रस्त्यावरही आला. घरच्या फ्रीजची यंत्रणा पूर्ण बंदिस्त असते. मोटारीत कॉम्प्रेसर इंजिनाच्या पट्ट्यावर फिरतो, रबरी नळ्या सतत हादरतात, दांड्याभोवतीचे सील झिजते. गळती ठरलेलीच. ती शोधण्यासाठी हॅलाइड दिवा वापरत. तांब्याच्या तप्त पत्र्यापाशी वायू पोहोचला, की ज्योत हिरवी होई. गॅस पुन्हा भरला, की काम संपले, असेच सारे समजत.

मिजली यांना १९४० मध्ये पोलिओ झाला. अंथरुणातून उठण्यासाठी त्यांनी स्वतःच दोऱ्या आणि कप्प्यांची यंत्रणा बनवली. २ नोव्हेंबर १९४४ रोजी तिच्याच दोऱ्यांत गळा आवळून त्यांचा मृत्यू झाला. त्या वेळी ते अमेरिकन केमिकल सोसायटीचे अध्यक्ष होते.

गळालेला वायू जातो कुठे, याचे उत्तर १९७४ मध्ये मोलिना व रोलंड यांनी दिले. तो वर चढतो आणि त्यातील क्लोरीन ओझोनचा थर पोखरतो. १९८७च्या मॉन्ट्रियल करारानंतर मोटारींत क्लोरीनविरहित आर-१३४ए आला. हॅलाइड दिवा त्याच्यापुढे निरुपयोगी ठरला, कारण ज्योत हिरवी करणारे क्लोरीनच उरले नाही. ओझोन वाचला, पण तापमानवाढीत हा वायू कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे १,४०० पट प्रभावी आहे. त्यामुळे यंत्रणेत रंगद्रव्य सोडून, अतिनील दिव्याखाली सांध्यासांध्यावर चमकणारा ठिपका शोधण्याचे काम आजही चालू आहे.