देवसेन : पॉल डॉयसन

जर्मनीत नाउमबुर्ग शहराजवळ शुल्पफोर्टा नावाची एक जुनी निवासी शाळा आहे. १५४३ साली एका मठाच्या इमारतीत ती सुरू झाली. एकोणिसाव्या शतकात तिथे सुमारे दोनशे मुले राहत. भल्या पहाटे उठायचे, घंटेवर प्रार्थना, घंटेवर जेवण, घंटेवर अभ्यास आणि दिवसभर लॅटिन व ग्रीक. आमच्यासारख्या कॅडेटांना हे वेळापत्रक ओळखीचे वाटेल. १८५९ साली चौदा वर्षांचा पॉल डॉयसन या शाळेत दाखल झाला. त्याचा जन्म ७ जानेवारी १८४५ चा, ओबरड्राईस नावाच्या खेड्यातला. वडील तिथल्या चर्चचे पाद्री होते. पुढे हाच मुलगा युरोपला वेदान्त समजावून सांगणार होता, पण तेव्हा त्याला संस्कृतचे एक अक्षरही येत नव्हते.

शाळेत त्याला एक जिवलग मित्र मिळाला, फ्रीडरिश नीत्शे. दोघांना ग्रीक कविता आवडत आणि मोकळा वेळ मिळाला की ते त्या एकत्र वाचत. १८६४ साली दोघे शाळेतून बाहेर पडले आणि एकाच वेळी बॉनच्या विद्यापीठात गेले. नीत्शे फार हुशार. अवघ्या २४ व्या वर्षी, १८६९ साली, तो बाझेल विद्यापीठात प्राध्यापक झाला. त्याच वर्षी डॉयसन यांनी प्लेटोवर प्रबंध लिहून डॉक्टरेट मिळवली खरी, पण नोकरी मिळाली ती शाळामास्तराची. मधल्या काळात वडिलांच्या वाटेने जावे म्हणून ते ट्यूबिंगनला धर्मशास्त्र शिकायला गेले होते. तिथे मन रमले नाही आणि ते परत ग्रीककडे वळले.

मला डॉयसन यांच्याबद्दल लिहावेसे वाटले ते इथेच. निवासी शाळेत सगळे बरोबर उठतात, बरोबर धावतात, पण यादी लागते तेव्हा कोणाचे तरी नाव वर असते आणि बाकीचे त्याच्या नावाने ओळखले जातात. डॉयसन बराच काळ नीत्शेचा मित्र म्हणूनच ओळखले गेले. नीत्शेही पत्रांतून त्यांना थोरल्या भावासारखा उपदेश करी. त्यातला एक उपदेश मात्र लाखमोलाचा निघाला. शोपेनहावर या तत्त्वज्ञाचे ग्रंथ वाच, असे त्याने सांगितले. डॉयसन यांनी ते वाचले आणि त्यातून त्यांना भारताची वाट सापडली, कारण शोपेनहावर उपनिषदांचे मोठे भक्त होते.

पण शोपेनहावर यांनी उपनिषदे वाचली होती ती लॅटिनमध्ये. शाहजहानचा मुलगा दारा शुकोह याने १६५७ साली काशीच्या पंडितांच्या मदतीने उपनिषदे फारसीत आणली. आंकेतील द्यु पेराँ या फ्रेंच विद्वानाने त्या फारसीवरून लॅटिन भाषांतर करून ते १८०१-०२ मध्ये छापले. रांगेच्या एका टोकाला सांगितलेला निरोप दुसऱ्या टोकाला पोहोचेपर्यंत किती बदलतो, हे आपल्याला माहीत आहे. इथे तर निरोप दोनदा भाषा बदलून आला होता. डॉयसन यांनी ठरवले की मूळ संस्कृतातूनच वाचायचे.

त्यासाठी निवांत वेळ हवा होता. १८७२ साली ते जिनिव्हाला एका रशियन कुटुंबात मुलाचे घरगुती शिक्षक झाले. शिकवणी संपली की संस्कृतचा अभ्यास, असे त्यांचे दिवस जाऊ लागले. ही काही मानाची नोकरी नव्हती. प्राध्यापक झालेल्या मित्राशी कोणी तुलना केली असती तर डॉयसन मागे पडले, असेच म्हटले असते. ते मात्र रोज थोडे थोडे पुढे सरकत राहिले.

१८८३ साली, वयाच्या ३८ व्या वर्षी, त्यांचा वेदान्तावरचा मोठा ग्रंथ आला. १८८७ साली ब्रह्मसूत्रांचे शांकरभाष्यासह संपूर्ण जर्मन भाषांतर आले. सूत्रे पाचशेच्या वर, प्रत्येक सूत्र दोन-तीन शब्दांचे आणि त्यावर आचार्यांचे बारीक युक्तिवाद. आपल्याकडे पाठशाळेत गुरूजवळ बसून वर्षानुवर्षे शिकतात ते हे भाष्य. त्याच वर्षी छापलेल्या आपल्या पुस्तकात नीत्शेने लिहिले, की भारतीय तत्त्वज्ञान खऱ्या अर्थाने जाणणारा युरोपातला पहिला माणूस म्हणजे डॉयसन. पुढे १८८९ साली, ४४ व्या वर्षी, ते कील विद्यापीठात पूर्णवेळ प्राध्यापक झाले.

त्याच जानेवारीत नीत्शेचे मन कायमचे ढासळले. त्याआधी नीत्शेला स्वतःची पुस्तके पदरमोड करून छापावी लागत होती, तेव्हा डॉयसन यांनी त्याच्याकडे दोन हजार मार्क पाठवले होते. १८९४ साली मित्राच्या पन्नासाव्या वाढदिवशी ते फुले घेऊन त्याला भेटायला गेले. नीत्शे कोणाशी नीट बोलू शकत नव्हता. क्षणभर त्याचे लक्ष फुलांकडे गेले, इतकेच. एका डॉर्मिटरीतली मैत्री डॉयसन यांनी शेवटपर्यंत निभावली.

१८९२ च्या अखेरीस डॉयसन पत्नी मारी यांच्यासह भारतात आले. मुंबईहून पेशावर, तिथून कलकत्ता असा त्यांनी देश पाहिला. जिथे जातील तिथे पंडितांना भेटले, त्यांच्याशी संस्कृतात बोलले. २५ फेब्रुवारी १८९३ रोजी मुंबईत रॉयल एशियाटिक सोसायटीच्या शाखेसमोर त्यांनी भाषण केले. त्याचा आशय असा : शेजाऱ्यावर स्वतःसारखे प्रेम करावे, असे बायबल सांगते. पण का करावे? दुसऱ्याला लागलेले मला दुखत नाही. याचे उत्तर उद्दालकाने श्वेतकेतूला दिलेल्या शिकवणीत आहे. सर्वांत एकच आत्मा आहे, म्हणून शेजारी हा परका नाहीच. पाद्र्याच्या मुलाने दोन्ही धर्मांचा असा सांधा जुळवला. परदेशी सत्तेखालच्या भारतात एक युरोपीय विद्वान, तुमचे तत्त्वज्ञान जपा, असे सांगत होता, हे त्या वेळी किती मोठे असेल!

१८९६ साली स्वामी विवेकानंद कीलला डॉयसन यांच्या घरी गेले. निरोप घेऊन स्वामीजी निघाले, तर डॉयसन त्यांना हॅम्बुर्गला जाऊन मिळाले आणि पुढे ॲमस्टरडॅममार्गे थेट लंडनपर्यंत सोबत गेले. दुसऱ्याच वर्षी, १८९७ साली, साठ उपनिषदांचे त्यांचे जर्मन भाषांतर प्रसिद्ध झाले, थेट संस्कृतातून. बदलत गेलेला निरोप आता मूळ शब्दांवरून तपासता येत होता. १८९४ ते १९१७ या काळात त्यांनी जगाच्या तत्त्वज्ञानाचा इतिहास लिहिला. त्याची सुरुवात ग्रीसपासून न करता वेदांपासून केली आणि पहिले तीन भाग भारताला दिले.

त्यांच्यावर टीकाही झाली. शंकराचार्यांकडे ते कांट आणि शोपेनहावर यांच्या चष्म्यातून पाहतात आणि वेदान्ताच्या इतर आचार्यांना कमी जागा देतात, असे अभ्यासकांचे म्हणणे आहे. ते मला पटते. पण हा वाद घालायलाही आधी कोणीतरी सगळे मूळ ग्रंथ समोर मांडावे लागतात, आणि ते काम त्यांनी केले.

आपल्या नावाचे त्यांनी संस्कृत रूप केले होते, देवसेन. देवांची सेना ज्याची, तो. ग्रंथांत रमलेल्या विद्वानाने हे नाव घ्यावे, याची मला गंमत वाटते. पण नेमून घेतलेल्या कामाला माणूस चाळीसहून अधिक वर्षे चिकटून राहिला, तर त्याला ते शोभते. ६ जुलै १९१९ रोजी कील येथे देवसेन वारले. यादीत आपले नाव खाली आहे म्हणून रात्री झोप न येणाऱ्या माझ्या मित्रांनी त्यांच्या आयुष्यातली वर्षे एकदा मोजून पाहावीत.