मादाम क्युरी : परक्या घरातील मुले, स्वतःच्या घरातील दाई

दोन नोबेल पारितोषिके, रेडियमचा शोध आणि पॅरिसमधील ती गळकी शेड, एवढ्यावर मादाम क्युरीची ओळख आपल्याकडे बहुधा पूर्ण होते. त्याआधीची सुमारे पाच वर्षे ती श्रीमंतांच्या घरी राहून त्यांची मुले सांभाळत आणि शिकवत होती, ही गोष्ट चरित्रांतून एखाद्या परिच्छेदात उरकली जाते. युरोपात या नोकरीला गव्हर्नेस म्हणत. नोकरी मोठी विचित्र. गव्हर्नेस सुशिक्षित हवी, तिला फ्रेंच यायला हवे, ती मालकांच्या टेबलावर जेवणार. पण महिनाअखेरीस पगार घेणारी म्हणून तिची जागा नोकरांपेक्षा फार वरची नाही. घरातलीही नाही आणि बाहेरचीही नाही, असे ते जगणे.

मारिया स्क्लोदोव्स्का ७ नोव्हेंबर १८६७ रोजी वॉर्सात जन्मली. पोलंडचा तो भाग तेव्हा रशियाच्या झारच्या अमलाखाली होता. वडील भौतिकशास्त्र व गणिताचे शिक्षक. आई मुलींची शाळा चालवीत असे, ती १८७८ मध्ये क्षयाने गेली. चुकीच्या व्यवहारात वडिलांची शिल्लक बुडाली आणि घरात विद्यार्थी ठेवून घेण्याची पाळी आली. १८८३ मध्ये सुवर्णपदक घेऊन शाळा संपविणाऱ्या मारियाला वॉर्सा विद्यापीठाची दारे मुलगी म्हणून बंद होती. पॅरिसला जायचे तर पैसा हवा, आणि तो तिच्याजवळ नव्हता. थोरली बहीण ब्रोन्या हिच्याजवळही नव्हता. तेव्हा दोघी बहिणींनी एक करार केला. आधी ब्रोन्याने पॅरिसला वैद्यकशास्त्र शिकायला जावे, मारियाने नोकरी करून तिला पैसे पाठवावेत. ब्रोन्या डॉक्टर झाली की तिने मारियाला बोलावून घ्यावे. योजना धाकटीची होती, हे लक्षात घेतले पाहिजे.

१८८५ च्या शरद ऋतूत अठरा वर्षांची होण्यापूर्वीच ती वॉर्सातील एका वकिलाच्या घरी कामाला लागली. तो अनुभव कडवट ठरला. पाहुण्यांसमोर पैसा उधळणारे आणि दिव्यातल्या तेलात काटकसर करणारे ते घर होते. येईल त्याची निंदा हाच तिथला विरंगुळा. काही महिन्यांतच तिने ते काम सोडले. श्रीमंतीबद्दल तिला जी अढी कायमची बसली, तिचे मूळ बहुधा याच घरात असावे.

जानेवारी १८८६ मध्ये ती वॉर्साच्या उत्तरेस सुमारे शंभर किलोमीटरवरील श्चुकी या खेड्यात झोराव्स्की कुटुंबाकडे रुजू झाली. पगार वर्षाला ५०० रूबल. खिडकीतून रानावनाऐवजी बीटाची शेते आणि साखर कारखान्याचे धुराडे दिसे. घरातील थोरली मुलगी तिच्याच वयाची, दुसरी दहा वर्षांची. दोघींना मिळून रोज सात तास शिकवणे हे तिचे काम. खेरीज तीन वर्षांचा मुलगा आणि सहा महिन्यांची तान्ही होतीच. पगाराचा जवळजवळ निम्मा भाग दर महिन्याला पॅरिसला रवाना होई. उरलेल्या वेळात तिने थोरल्या मुलीला सोबत घेऊन शेतमजुरांच्या मुलांना पोलिश लिहायला-वाचायला शिकविण्यास सुरुवात केली. रशियन राजवटीत हा गुन्हा होता आणि कळले असते तर थेट सैबेरियाची वाट. मालकांनी मात्र याला आडकाठी केली नाही, हे त्यांच्या बाजूने नोंदवायला हवे. रात्री आणि पहाटे तिचा स्वतःचा अभ्यास चाले. गणितातील अडचणी पत्राने वडिलांना कळवायच्या आणि पत्रानेच उत्तरे मिळवायची.

याच मालकांचा थोरला मुलगा काझिमिएर्झ वॉर्सात गणित शिकत होता. सुट्टीत घरी आलेल्या या तरुणाचे आणि मारियाचे प्रेम जमले, लग्नाचे ठरले. तोपर्यंत तिचे वाढदिवस फुले देऊन साजरे करणाऱ्या घराचा नूर पालटला. मुलांना शिकवायला जी योग्य, ती सून म्हणून चालणार नव्हती; दुसऱ्याच्या घरी चाकरी करणाऱ्या मुलीशी आपल्या मुलाने लग्न करायचे नाही, असा निर्णय झाला. मुलगा गप्प बसला. मारियाला त्या क्षणी निघून जाता आले असते. पण ब्रोन्याची फी कोण भरणार? ती त्याच घरात, त्याच टेबलावर १८८९ च्या ईस्टरपर्यंत राहिली आणि मुलींचे धडे घेत राहिली. रेडियमसाठी पिचब्लेंडचे ढीग ढवळण्याच्या श्रमांचे आपण कौतुक करतो. हे श्रम त्याहून सोपे खासच नव्हते. काझिमिएर्झ पुढे नामवंत गणिती झाला आणि क्राकोच्या विद्यापीठाचा प्रमुखही.

आणखी एका घरी वर्षभर काम केल्यानंतर, १८९१ च्या शरदात ती पॅरिसला पोहोचली. ब्रोन्याने शब्द पाळला होता. १८९३ मध्ये भौतिकशास्त्राची पदवी पहिल्या क्रमांकाने, १८९४ मध्ये गणिताची दुसऱ्या क्रमांकाने, १८९५ मध्ये पिएर क्युरीशी विवाह, असा पुढचा प्रवास झपाट्याने झाला. मारियाची मेरी क्युरी झाली.

१२ सप्टेंबर १८९७ रोजी आयरीनचा जन्म झाला आणि बाजू उलटली. दुसऱ्यांची मुले सांभाळणाऱ्या मेरीलाच आता आपल्या मुलीसाठी माणूस ठेवावे लागले. आईचे दूध पुरेना म्हणून दाई आली, तिचा पगार घरखर्चाच्या वहीत चढला. प्रयोगशाळेत काम करताना मेरीच्या मनात एकाएकी भीती दाटे, की दाईने बागेत मूल हरवले तर नसेल? मग ती हातचे काम टाकून मोंसुरी बागेकडे धाव घेई आणि बाबागाडी व्यवस्थित दिसली की परते. श्चुकीतील तिच्या मालकिणीनेही तिच्याकडे कधी अशाच शंकेने पाहिले असेल. १८९८ मध्ये पोलोनियम आणि रेडियम जगापुढे आले. त्याच वर्षी दुसऱ्या एका वहीत बाळाचे वजन आणि नवे दात यांच्या नोंदी होत होत्या.

क्युरींच्या घराचा खरा आधार मात्र पगारी नव्हता. पिएरचे वडील डॉ. युजेन क्युरी यांची पत्नी आयरीनच्या जन्मानंतर थोड्याच दिवसांत वारली आणि ते मुलाच्या संसारात राहायला आले. आई दिवसभर प्रयोगशाळेत असताना आयरीनचा पहिला मित्र आणि शिक्षक हा आजोबाच होता. डिसेंबर १९०४ मध्ये धाकटी ईव्ह जन्मली. १९ एप्रिल १९०६ रोजी पिएर घोडागाडीखाली सापडून गेला, तेव्हा म्हाताऱ्याने सुनेला सोडले नाही. पॅरिसबाहेर सो या गावी सारे राहायला गेले. मेरीने मुलींसाठी पोलिश बाई ठेवली, त्यामुळे मुली आईची भाषा बोलू लागल्या. वनस्पतींची ओळख आणि साहित्याची गोडी आजोबांनी लावली. पुढे शाळेचे लांबलचक तास न पटल्याने मेरी आणि तिचे प्राध्यापक मित्र यांनी आपापल्या मुलांना मिळून शिकवायचे ठरवले. जाँ पेराँ रसायनशास्त्र, पॉल लांजव्हँ गणित आणि मेरी भौतिकशास्त्र! जेमतेम दहा मुलांची ती शाळा दोन वर्षे चालली. एकेकाळी ५०० रूबलवर शिकविणारी गव्हर्नेस आता शेजारपाजारच्या मुलांना विनामूल्य शिकवत होती.

डॉ. युजेन फेब्रुवारी १९१० मध्ये, दीर्घ आजारानंतर वारले. अखेरच्या महिन्यांत मेरीने त्यांची शुश्रूषा केली. सोच्या दफनभूमीत पिएरची शवपेटी बाहेर काढवून तिने आधी सासऱ्यांची पेटी तळाशी ठेवविली, तिच्यावर पिएरची, आणि वरची जागा स्वतःसाठी राखली. ४ जुलै १९३४ रोजी तिचे निधन झाले, तेव्हा त्याच जागी तिला ठेवण्यात आले. एप्रिल १९९५ मध्ये फ्रान्सने दोघांचे अवशेष पॅरिसच्या पँथिऑनमध्ये हलविले. नाती सांभाळणारे डॉक्टर सोलाच राहिले.