समुद्राचे पोट मोजणारा माणूस

कला शाखेच्या विद्यार्थ्याने समुद्राच्या रसायनशास्त्रावर लिहावे, हा काहींना आगाऊपणा वाटेल. पण माझे बालपण कोकण किनाऱ्यावर गेले. घरातले निर्माल्य असो, फाटकी जाळी असोत की फुटकी भांडी, सारे समुद्रात जायचे. समुद्र सगळे पोटात घालतो, अशी आजीची श्रद्धा आणि म्हणून माझीही. ती श्रद्धा ज्यांच्या चरित्राने हलवली, त्या रॉजर रेव्हेल यांच्याविषयी चार शब्द लिहावेसे वाटतात.

रेव्हेल यांचा जन्म ७ मार्च १९०९ रोजी अमेरिकेतील सिएटल येथे झाला. शिक्षण घेतले भूगर्भशास्त्राचे. पण कॅलिफोर्नियातील स्क्रिप्स समुद्रविज्ञान संस्थेत आले आणि समुद्राचेच झाले. प्रशांत महासागराच्या तळातील गाळाचा अभ्यास करून १९३६ साली त्यांनी डॉक्टरेट मिळवली. महायुद्धात ते नौदलात होते. पुढे १९५० च्या दशकात ते स्क्रिप्सचे संचालक झाले.

त्या काळी बहुतेक शास्त्रज्ञांचा समज आमच्या आजीसारखाच होता. कोळसा आणि तेल जाळून माणूस हवेत कितीही कर्बवायू सोडो, समुद्र तो गिळून टाकील, असे मानले जाई. रेव्हेल आणि त्यांचे सहकारी हान्स सूस यांनी हिशेब मांडला. हवेतला कर्बवायूचा रेणू सरासरी १० वर्षांच्या आत समुद्रात शिरतो, असे निघाले. म्हणजे समज खराच ठरला, असे वाटावे.

पण निबंध जवळजवळ लिहून झाला असताना रेव्हेल यांच्या ध्यानात एक गोष्ट आली. समुद्राच्या पाण्यात कार्बोनेट असते. विरघळलेल्या कर्बवायूचा त्याच्याशी संयोग होऊन बायकार्बोनेट बनते. कार्बोनेटचा हा साठा मात्र बेताचा. तो खर्ची पडू लागला की पाणी आणखी वायू घेईनासे होते. हवेतला कर्बवायू १० टक्क्यांनी वाढला, तर वरच्या पाण्यातला एकूण कार्बन जेमतेम १ टक्क्याने वाढतो. आत शिरलेले पुष्कळसे रेणू परत बाहेर येतात. रेव्हेल यांनी ही दुरुस्ती आपल्याच निबंधात घातली आणि १९५७ साली तो प्रसिद्ध झाला. तयार झालेल्या लेखनात स्वतःच खोट काढणे किती जड जाते, हे प्रबंध लिहिणाऱ्यांना सांगायला नको. त्या प्रमाणाला आज रेव्हेल गुणक म्हणतात.

केवळ हिशेबावर विसंबून राहणे त्यांना पटेना. त्यांनी चार्ल्स डेव्हिड कीलिंग या तरुणाला स्क्रिप्समध्ये आणले. कीलिंग यांनी १९५८ पासून हवाई बेटांवरील मौना लोआ येथे हवेची मोजणी चालवली. तेव्हा हवेच्या दहा लाख भागांत कर्बवायूचे सुमारे ३१५ भाग होते; आज ते ४२० च्या पुढे गेले आहेत.

जहाजांवरून समुद्राचीही मोजणी होत गेली आणि समुद्र सगळीकडे सारखा नाही, हे स्पष्ट झाले. पाणी एका अंशाने तापले की त्यातील कर्बवायूचा दाब सुमारे ४ टक्क्यांनी वाढतो. म्हणून उत्तर अटलांटिकचे थंड पाणी वायू घेते. विषुववृत्तावरील प्रशांत महासागरात खोलवरचे कर्बयुक्त पाणी वर येते आणि वायू सोडते. वसंतात सूक्ष्म वनस्पती फोफावतात, तेव्हा हेच प्रमाण उतरते. आपल्या अरबी समुद्रातही नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांनी ओमान आणि सोमालियाच्या किनाऱ्यांजवळ खालचे पाणी वर ओढले जाते आणि समुद्र कर्बवायू बाहेर टाकतो.

आपल्या देशाशीही रेव्हेल यांचा संबंध आला. हिंदी महासागराच्या आंतरराष्ट्रीय मोहिमेमागे त्यांचा पुढाकार होता. त्या मोहिमेनंतर १९६६ साली आपली राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था स्थापन झाली; तिचे मुख्यालय गोव्यात दोनापावला येथे आहे. आणखी एक गोष्ट वाचून मी चकित झालो. १०+२+३ हा आकृतिबंध सुचवणाऱ्या कोठारी आयोगाचे (१९६४–६६) ते सदस्य होते. त्याच आयोगाचे सदस्य-सचिव होते आपले जे. पी. नाईक. म्हणजे समुद्र मोजणाऱ्या या गृहस्थांचा हात आमच्या प्राध्यापकांच्या शिक्षणालाही लागला होता.

१५ जुलै १९९१ रोजी रेव्हेल निवर्तले. माणसाने सोडलेल्या कर्बवायूपैकी सुमारे चौथा हिस्सा समुद्र आजही घेतो. पण त्यापायी त्याचे पाणी आम्लतेकडे झुकत चालले आहे.

यंदा गणपतीत मी निर्माल्य समुद्रात टाकले नाही, परसात खड्डा करून पुरले. निर्माल्याचा आणि कर्बवायूचा थेट संबंध नाही, हे मला कळते. आजीने कारण विचारले, तेव्हा कार्बोनेट काही मला सांगता आले नाही. समुद्राचेही पोट भरते, एवढेच सांगितले. तिला ते पटले असावे. दुसऱ्या दिवशीची फुले तिने स्वतःच परसात नेली.