तिसऱ्या शोगुनचा पाइन

जपानच्या इतिहासात तोकुगावा इएमित्सु हे नाव कठोर शासक म्हणून नोंदले गेले आहे. शोगुन म्हणजे सम्राटाच्या नावाने देशाचा प्रत्यक्ष कारभार पाहणारा सेनापती. या पदावर आलेल्या तोकुगावा घराण्यातील इएमित्सु हा तिसरा पुरुष. सरदारांना मुठीत ठेवणाऱ्या आणि देशाची दारे परकीयांना बंद करणाऱ्या या राज्यकर्त्याचा जीव मात्र कुंडीत वाढविलेल्या झाडांत गुंतलेला होता. त्याने जोपासलेला पाच सुयांच्या जातीचा एक पाइन टोकियोच्या राजवाड्यातील बोन्साय संग्रहात आजही जिवंत आहे. या वृक्षाचे वय किमान पाचशे वर्षे मानले जाते.

इएमित्सुचा जन्म १६०४ साली एदो, म्हणजे आजच्या टोकियोत झाला. प्रकृतीने तो नाजूक होता. आईवडिलांचा ओढा धाकट्या तादानागाकडे अधिक होता आणि वारसाहक्कही त्यालाच मिळणार, अशी कुजबुज वाड्यात चालत असे. अशा वेळी इएमित्सुची दाई कासुगा नो त्सुबोने हिने थेट आजोबा इएयासु यांच्याकडे दाद मागितली आणि त्यांनी थोरल्या नातवाच्या बाजूने कौल दिला, असे परंपरा सांगते. १६२३ साली इएमित्सु शोगुन झाला. खरी सत्ता हाती आली ती १६३२ मध्ये वडील हिदेतादा यांच्या निधनानंतर. पुढच्या दोन वर्षांच्या आत, नजरकैदेत ठेवलेल्या तादानागाला आत्महत्या करणे भाग पाडण्यात आले. बालपणीच्या स्पर्धेचा शेवट असा रक्ताने झाला.

१६३५ साली त्याने सरदारांसाठी नवा नियम घातला. प्रत्येकाने एक वर्ष आपल्या मुलखात, तर एक वर्ष एदोत राहायचे, बायकामुलांनी मात्र कायम एदोतच. त्याच वर्षी जपानी प्रजेला परदेशी जाण्यास बंदी झाली. जाचक करवसुली व धार्मिक छळ यांमुळे १६३७ साली शिमाबारा येथे उठाव झाला. तो मोडून काढताना हजारो शेतकरी, स्त्रिया आणि मुले मारली गेली. १६३९ मध्ये पोर्तुगीजांना हाकलण्यात आले आणि १६४१ पासून डच व्यापाऱ्यांना नागासाकीच्या देजिमा या इवल्याशा बेटावर कोंडण्यात आले.

सरदारांवरील सक्तीचा एक अनपेक्षित परिणाम मात्र झाला. एदोत त्यांचे वाडे उभे राहिले, वाड्यांभोवती बागा आल्या आणि माळीकाम हा शहरातील भरभराटीचा व्यवसाय बनला. कुंडीतल्या झाडांना तेव्हा हाची-नो-की म्हणत. खुद्द शोगुनच त्यांचा शौकीन होता. त्याच्या या नादाची एक कथा प्रसिद्ध आहे. ओकुबो हिकोझाएमोन हा इएयासुच्या काळातील लढवय्या. झाडांपायी राज्यकारभाराकडे दुर्लक्ष होते, असे वाटून त्याने शोगुनचे लाडके झाड त्याच्या देखत बागेत भिरकावून दिले. इएमित्सुचा छंद तरीही सुटला नाही. ही दंतकथाही असेल. पण शोगुनच्या हाती असलेली अमर्याद सत्ता लक्षात घेता, असे करणारा म्हातारा शिक्षेविना सुटला हेच तिच्यातील नवल.

या छंदाला सत्तेचा हुकूम पुरत नाही, हेही ध्यानात घ्यायला हवे. कुंडीत मुळांना जागा थोडी. काही वर्षांत ती कडेने वेटोळी घालतात, माती घट्ट होते आणि पाण्याचा निचरा थांबतो. म्हणून पाइन दर काही वर्षांनी, वसंताच्या प्रारंभी, कुंडीतून अलगद काढावा लागतो. जाड, जुनी मुळे छाटून बारीक तंतुमुळे राखायची, ताजी निचऱ्याची माती भरायची आणि झाड हलू नये म्हणून बांधून ठेवायचे. पुढचे काही आठवडे त्याला कडक उन्हापासून व वाऱ्यापासून जपायचे. वर फांद्यांची छाटणी, खाली मुळांची, हा तोल चुकला तर शतकांचे झाड एका हंगामात वाळते. दिवाणखान्यातल्या फायकसलाही तत्त्व तेच लागू पडते. फरक इतकाच, की तो उबदार हवेत कुंडी बदलून मागतो, छाटताच चीक गाळतो आणि पाइनपेक्षा लवकर सावरतो. दोन्हींच्या बाबतीत कात्री चालविणाऱ्याला नंतर वेळेवर पाणी घालावेच लागते.

इएमित्सुच्या राजवटीतील छाटणीला अशी शुश्रूषा क्वचितच लाभली. त्याच्याच काळात, १६४० च्या दशकाच्या प्रारंभी, देशात मोठा दुष्काळ पडला. शेतकऱ्यांच्या हलाखीची दखल घेऊन शासनाला जमिनीच्या कायम विक्रीवर १६४३ मध्ये बंदी घालावी लागली. ज्या दाईने त्याचा हक्क राखला, ती कासुगाही त्याच वर्षी वारली.

१६५१ साली, वयाच्या ४६ व्या वर्षी इएमित्सुचे निधन झाले. त्याच्यामागे काही निष्ठावंत सरदारांनी आत्महत्या केल्या. गादीवर आलेला मुलगा इएत्सुना याला दहा वर्षेही पूर्ण झालेली नव्हती. इएमित्सुला निक्को येथे, आजोबांच्या समाधिस्थळाजवळ चिरविश्रांती देण्यात आली.

एदोच्या किल्ल्यात त्याने १६३८ साली उभारलेला उंच मनोरा १६५७ च्या भीषण आगीत भस्मसात झाला. तो पुन्हा कधी बांधला गेला नाही. बंद दारे एकोणिसाव्या शतकात उघडली आणि १८६८ पर्यंत शोगुनांची सत्ताही संपली. पाइन मात्र राहिला. त्याला जगविण्यासाठी कोणाचा वंश वा फौज कामी आली नाही. पिढ्यान्‌पिढ्या नावानिशी न नोंदलेल्या माळ्यांनी वेळेवर पाणी घातले, कुंडी बदलली, मुळे छाटली. तिसऱ्या शोगुनचे नाव मिरविणारा तो वृक्ष खरे तर त्यांच्याच हातांचा ऋणी आहे.