जावजी दादाजींचा हिशेब

आमच्या घरी धान्याच्या कोठीमागे दोन खोकी पडून आहेत. त्यांत २६१ पुस्तके आहेत. गेल्या वर्षी आम्ही तिघा मित्रांनी मंठ्याच्या आसपासच्या खेड्यांतून जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या आणि त्यांचे एक छोटे पुस्तक काढले. प्रती ३००. छपाईचे पैसे माझ्या वडिलांनी कापसाच्या पट्टीतून दिले होते. स्नेहसंमेलनाच्या दिवशी प्रकाशन झाले, टाळ्या पडल्या, हार घातले गेले. त्यानंतर ३९ प्रती गेल्या, आणि त्यांतल्याही निम्म्या भेट म्हणून. वडील मला एका शब्दाने बोलले नाहीत. ते बोलले असते तर बरे झाले असते, असे मला अजून वाटते.

ही हकीकत येथे सांगण्याचे कारण निराळे आहे. दिवाळीच्या सुट्टीत आमच्या गल्लीतल्या पौरोहित्य करणाऱ्या काकांकडे गेलो असताना त्यांनी कापडात गुंडाळलेले एक पुस्तक दाखवले. मल्लिनाथाच्या टीकेसह रघुवंश. कागद पिवळा पडून कडांना तुटत होता, पण अक्षर असे काळेभोर आणि रेखीव, की जणू कालच छापले असावे. खाली मुंबईच्या निर्णयसागर छापखान्याचे नाव आणि तुकाराम जावजी हे मालकाचे नाव. निजामाच्या राज्यात, परतूरच्या स्टेशनावरून बैलगाडीने हे पुस्तक काकांच्या आजोबांनी आणवले होते. मी ते हातात घेऊन बराच वेळ बसलो. मुंबईत छापलेले संस्कृत पुस्तक त्या काळी मंठ्यापर्यंत पोहोचले आणि विकत घेतले गेले. मंठ्याच्या ओव्यांचे पुस्तक मात्र मंठ्यातच विकले जाऊ नये, हे काय गौडबंगाल आहे? त्या दिवसापासून मी निर्णयसागरचे संस्थापक जावजी दादाजी चौधरी यांच्या चरित्राच्या मागे लागलो.

जावजींचा जन्म १८३९ सालचा, मुंबईतल्या एका गरीब मराठा कुटुंबातला. वडिलांचे छत्र लहानपणीच हरपले. शाळेत रमण्याचा योग नव्हता. वयाच्या दहाव्या वर्षाच्या सुमारास हा मुलगा अमेरिकन मिशनच्या छापखान्यात कामाला लागला. पगार दरमहा दोन रुपये आणि काम खिळे घासण्याचे.

हे काम काय असते ते आजच्या आपल्या पिढीला सांगावे लागेल, कारण आपण संगणकावर अक्षर उमटवतो. पूर्वी पोलादाच्या दांडीच्या टोकाला अक्षर उलटे कोरीत. तो ठसा तांब्यात ठोकून साचा करीत. त्याला मातृका म्हणत. त्या साच्यात शिशाचा रस ओतला की एक खिळा तयार होई. ओतलेल्या खिळ्याला कडा राहत, त्या घासून सगळे खिळे एका मापाचे करावे लागत. एक खिळा जरी केसभर उंच राहिला तरी ओळ नीट उठत नसे. इंग्रजीचे काम थोड्या खिळ्यांत भागते. देवनागरीला काने, मात्रा, वेलांट्या, रफार आणि जोडाक्षरे धरून शेकडो निरनिराळे खिळे लागतात. मिशनच्या छापखान्याचे प्रमुख टॉमस ग्रॅहम यांनी देवनागरी खिळे सुधारण्यात आयुष्य घातले होते. त्यांच्या हाताखाली या पोराने वर्षानुवर्षे खिळे घासले. अक्षर कोठे जाड झाले, कोठे उकार तुटतो, हे त्याला बोटांना कळू लागले असणार. पुस्तके वाचून जे शिक्षण मिळाले नाही ते असे मिळाले.

पुढे टाइम्स ऑफ इंडिया, इंदुप्रकाश, ओरिएंटल अशा छापखान्यांत नोकऱ्या झाल्या. १८६४ साली जावजींनी मुंबईत स्वतःचा खिळे ओतण्याचा कारखाना काढला. हे साल लक्षात ठेवण्यासारखे आहे. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे आपल्याकडच्या कापसाला सोन्याचा भाव आला होता आणि मुंबईत जो तो शेअरबाजारात पैसा लावीत होता. १८६५ मध्ये युद्ध संपले, भाव कोसळले, भले भले पेढीवाले रस्त्यावर आले. कापूस पिकवणाऱ्याच्या घरात जन्मल्यामुळे मला या गोष्टीचे नवल वाटत नाही. त्या पडझडीतून जावजींचा कारखाना मात्र पार पडला. त्यांना राणोजी रावजी आरू हे मित्र लाभले होते. ठसे कोरण्यात राणोजींचा हात असा सफाईचा, की निर्णयसागरच्या अक्षराला पुढे जी कीर्ती मिळाली तिचा मोठा वाटा त्यांचा आहे. चरित्रकार त्यांचे नाव एका ओळीत उरकतात, हे मला खटकते.

१८६९ साली निर्णयसागर छापखाना सुरू झाला. म्हणजे आधी खिळे, मग छापखाना, आणि त्यानंतर प्रकाशन. आम्ही नेमके उलटे केले. आधी पुस्तक, मग छापखान्याची शोधाशोध, आणि विकायचे कोणाला हा विचार सर्वांत शेवटी.

जावजींच्या या क्रमात मोठे व्यापारी शहाणपण आहे असे मला वाटते. ज्याचा स्वतःचा खिळ्यांचा कारखाना आहे त्याला झिजलेले खिळे वितळवून नवे ओतता येतात. दुसऱ्याच्या दारात उभे राहावे लागत नाही. शिवाय हे खिळे इतर छापखान्यांनाही विकले जात. त्या काळी गावोगाव छापखाने निघत होते, वर्तमानपत्रे निघत होती. म्हणजे प्रतिस्पर्ध्याने दुकान मांडले तरी त्यातले चार पैसे जावजींच्याच गल्ल्यात पडायचे!

दुसरी गोष्ट पंचांगाची. छापखान्याच्याच नावाचे निर्णयसागर पंचांग येथून निघत असे आणि ते घरोघर गेले. पंचांग दर पाडव्याला जुने होते आणि दर पाडव्याला नवे लागते. त्याला टीकाकार लागत नाही, जाहिरात लागत नाही. शिळाछापावर पंचांगे छापणाऱ्या गणपत कृष्णाजींनी ही वाट आधी दाखवून दिलीच होती. वर्षभरात मरणारे पुस्तक हातात असले, की कधीच न मरणाऱ्या पुस्तकांना हळूहळू विकले जाण्याइतकी उसंत मिळते. रघुवंशाच्या प्रती संपायला दहा वर्षे लागली तरी छापखान्याला टाळे लागत नाही.

तिसरी गोष्ट मालिकांची. १८८१ पासून विनायक कोंडदेव ओक यांचे मुलांसाठीचे ‘बालबोध’ मासिक निर्णयसागरमधून निघू लागले. १८८६ मध्ये ‘काव्यमाला’ सुरू झाली. जयपूरचे पंडित दुर्गाप्रसाद आणि मुंबईचे काशिनाथ पांडुरंग परब हे तिचे संपादक. हस्तलिखितांत अडकून पडलेली काव्ये, नाटके, अलंकारग्रंथ शोधायचे, पाठ ताडून पाहायचे आणि क्रमाक्रमाने मासिकातून द्यायचे, अशी ती योजना होती. मोठे ग्रंथ पुढे स्वतंत्र बांधले जात. लहान लहान काव्ये ‘गुच्छक’ या नावाने एकत्र केली जात. असे चौदा गुच्छक झाले. जुन्या मराठी कवींसाठी वामन दाजी ओक यांच्या संपादनाखाली १८९० पासून ‘काव्यसंग्रह’ निघाला. मासिकाचा वर्गणीदार आधी पैसे देतो आणि नंतर पुस्तक घेतो. प्रकाशकाला किती प्रती काढायच्या ते आधीच कळते. आणि ज्याच्या फडताळात मालेचे पहिले सात भाग आहेत तो आठवा घेतल्यावाचून राहत नाही, हा मनुष्यस्वभाव आहे.

जर्मनीत लाइपझिग येथे रेक्लाम नावाच्या प्रकाशकाने १८६७ साली अभिजात ग्रंथांची अशीच स्वस्त माला काढली होती. पहिला मान ग्योटेच्या ‘फाउस्ट’ला. मुंबईत १८६८ पासून सरकारी खर्चाने विद्वत्तापूर्ण संस्कृत माला निघत होती. पुण्यात १८८८ मध्ये महादेव चिमणाजी आपटे यांनी स्वतःची संपत्ती देऊन आनंदाश्रम स्थापन केला. ही सारी कामे थोरच. पण जावजींच्या पाठीशी ना सरकार होते, ना वकिलीची कमाई. कालिदास मानधन मागायला येणार नव्हता हे खरे. परंतु शास्त्री-पंडितांना वेतन द्यावे लागे आणि मुद्रिते पुन्हा पुन्हा तपासून घ्यावी लागत. येथे जावजींनी काटकसर केली नाही. किंमत कमी ठेवली, शुद्धतेत कसर केली नाही. परिणाम असा झाला, की निर्णयसागरची प्रत म्हणजे शुद्ध प्रत, हे समीकरण काशीपासून मद्रासपर्यंत शास्त्र्यांच्या मनात बसले. ज्या घराला संस्कृत विद्येचा अधिकार परंपरेने कोणी दिला नव्हता, त्या घरातल्या माणसाच्या छापखान्यातून आलेला पाठ शास्त्रीमंडळी प्रमाण मानू लागली. संस्कृतच्या तासाला ही गोष्ट आम्हांला कोणी सांगितली नव्हती, म्हणून येथे मुद्दाम लिहितो.

आमच्या पुस्तकात पहिल्याच पानावर तीन चुका आहेत. संमेलनाची तारीख गाठायची म्हणून आम्ही मुद्रिते तपासलीच नाहीत. जिने सर्वांत जास्त ओव्या सांगितल्या त्या आजीचे नावसुद्धा चुकले. तिला वाचता येत नाही, पण तिच्या नातीला येते.

५ एप्रिल १८९२ रोजी जावजी वारले. वय अवघे त्रेपन्नच्या घरातले. चिरंजीव तुकाराम जावजींनी कारभार पुढे वाढवला. काकांकडची प्रत त्यांच्याच अमदानीतली. त्यांच्यामागे पांडुरंग जावजींचे नाव पुस्तकांवर दिसते. छापखाना आता राहिला नाही. पण काशी-दिल्लीच्या प्रकाशकांनी निर्णयसागरच्या पानांची छायाचित्रे घेऊन कित्येक ग्रंथ पुन्हा छापले, आणि विद्यार्थी आजही ते विकत घेतात. म्हणजे त्या जुळाऱ्यांनी शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी जुळवलेल्या ओळी अजून कोणाचे तरी पोट भरीत आहेत.

हे सारे मी एका रात्री जेवताना वडिलांना सांगितले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि एवढेच विचारले, की तुमच्या पुस्तकात पंचांग कोणते? मला उत्तर देता आले नाही. भाकरी वाढता वाढता आई म्हणाली, की हळद दळतानाची गाणी आताच्या सुनांना येत नाहीत. प्रत्येक लग्नात कोणातरी म्हातारीला बोलावून आणावे लागते, आणि ती म्हणेल तेवढेच होते.

आमच्या वहीत अशी बावीस गाणी आहेत. पुस्तक जाड होईल म्हणून आम्ही ती गाळली होती. या वेळी मुद्रिते आजीच्या नातीकडून तपासून घ्यायची असे ठरले आहे. लग्नसराईला अजून तीन महिने अवकाश आहे.